पारूमामांचा ठैर

भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या ज्या घरात मी भाड्याने राहत होते, तिथली सकाळ दाढीच्या साबणाच्या वासाने उजाडत असे. ओसरीच्या खांबाला टांगलेल्या आरशासमोर घरमालक उकिडवे बसत आणि आधी ओठांवरचा भाग, मग हनुवटी, मग गाल, असा ठरलेल्या क्रमाने वस्तरा फिरवत. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने आयुष्यात कधी मिशी राखली नव्हती. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्याचं कारण विचारलं, तेव्हा मान न वळवता, आरशातूनच माझ्याकडे पाहत ते म्हणाले, "पारूले मिशी कशी शोभन, मॅडम?"

पारू हे त्यांचं दुसरं नाव. पहिलं धनराज, पण ते शेताच्या कागदांपुरतं उरलं होतं. भात कापून झाला, दिवाळी सरली, की त्या भागात गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, मिठाईची दुकानं लागतात, आणि दिवसाढवळ्या गावाच्या मधोमध दंडार उभी राहते. दंडार म्हणजे नाच, गाणं, सोंगं आणि थट्टा यांचा खेळ; त्यात बायकांची कामंही पुरुषच करत. ऐन तारुण्यात धनराज त्या खेळातली पारू नावाची नाचणारी झाले, आणि नंतर गावाने त्यांना परत धनराज होऊ दिलं नाही. म्हातारपणी त्या नावापुढे मामा लागलं, एवढाच काय तो फरक.

मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत असे. दुपारी परतले की ओसरीवर मामा बसलेले असत, आणि त्यांच्याभोवती टाल्कम पावडरचा आणि ओल्या सुपारीचा मिसळलेला वास असे. त्यांची कंबर अजून बारीक होती. विहिरीवरून पाण्याची बादली आणतानासुद्धा ते दुसरा हात असा हलकेच बाहेर काढत, की पाणी कमी आणि हात जास्त दिसावा. धोतराचा सोगा ते निऱ्या उचलाव्यात तसा उचलत. कुणी फाटकाशी थांबून पाहिलं, तर चाल जरा मंदावे, मानेला एक बाक येई. दिवसभरात कुणीच पाहिलं नाही, तर संध्याकाळी ते अकारण चिडचिड करत, आणि मग भाजीत मीठ कमी पडे.

"नजर असन त नाच असते," ते म्हणत. "नजर नाई, त निस्ते हातपाय."

त्यांच्या नजरेच्या दिवसांचे किस्से गावात अजून सांगितले जातात. त्यातला एक मला फार आवडतो. एका मंडईत पारूचा नाच पाहून परगावचा एक विधुर इतका भुलला, की दुसऱ्या दिवशी त्याचा मध्यस्थ थेट मामांच्या दारी मागणी घेऊन आला. दार मामींनी उघडलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाहुण्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "पसंत हाये त घेऊन जा बापा, पन सयपाक येत नाई तिले." आत मामा पाटावर बसून दाढी करत होते. ही गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत, आणि सांगून झाल्यावर मामींच्या फोटोकडे एक नजर टाकत, जणू विनोदाचं श्रेय योग्य ठिकाणी पोचतं केलं.

पण त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठा शब्द एकच होता, वन्स मोअर. तो शब्द ते देवाच्या नावासारखा उच्चारत. कुठल्या गावाने तो किती वेळा दिला, कुठे पेटीवाल्याचा भाता थकला आणि त्यांनी नुसत्या टाचांच्या ठोक्यावर फेरी पूर्ण केली, हे सगळं त्यांच्या जिभेवर होतं. आणि तो शब्द हरवला कसा, हेही. मंडईत डान्स हंगामा आला, रंगीत दिवे आणि भिंतीएवढे स्पीकर आले. शेवटच्या वर्षी मामा पारू होऊन उभे राहिले, तेव्हा पुढच्या ओळीतली पोरं ओरडली, म्हातारीले बसवा. मामांनी फेरी पुरी केली, घुंगरं सोडली, पेटीत ठेवली, आणि पब्लिकसमोर पुन्हा पाय हलवणार नाही, असं ठरवून टाकलं. मी त्यांना भेटले ते हे ठरल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. भरपूर सजून, कुणाचीच वाट न पाहण्याचा आव आणून बसलेला माणूस, असं त्यांचं रूप मी प्रथम पाहिलं.

समोरच्या घरात वनिता राहत असे. तिचा नवरा राइस मिलवर कामाला जाई, ती दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, रोवणी आणि निंदणीला. त्यांची मुलगी मैना तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. लांब पापण्यांची, सडपातळ, पावसात धुतलेल्या पानासारखी स्वच्छ दिसणारी पोर. ती बोलत नसे. कुणाच्या चेहऱ्याकडे पाहत नसे. भांडं पडलं, मोटारसायकल सुरू झाली, की दोन्ही कानांवर तळवे दाबून ती उभ्या जागी डुलू लागे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला होता. वनिताने तो शब्द नीट पाठ केला होता आणि विचारणाऱ्याला ती तो शांतपणे सांगत असे.

मैनाला पाणी आवडे. नळाची धार असो, पन्हाळीतून गळणारा थेंब असो, ती त्यापाशी खिळून राही. आणि गल्ली संपली, की गावचा तलाव होता. एकदा वनिता चुलीपाशी असताना मैना निघाली आणि चालतच, चालण्याचा वेग न बदलता, पाण्यात शिरली. छातीपर्यंत गेली होती तेव्हा जाळं टाकणाऱ्या एका ढिवराने तिला पाहिलं. तिला हाका मारून उपयोग नव्हता. "थांब" हा शब्द तिच्यापर्यंत पोचतच नसे. आणि मागून धावत जाऊन धरलं, तर ती हाताला हिसडा देऊन आणखी जोरात पळे.

त्या दिवसानंतर वनिताने जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडली. एक टोक मैनाच्या मनगटाला, दुसरं खाटेच्या पायाला. कामावर जाताना गाठ, पाणी भरताना गाठ, अंघोळीला जाताना गाठ. शेजारची म्हातारी लक्ष ठेवी, पण गाठ हवीच. मनगटाला काचू नये म्हणून वनिता रोज खोबरेल लावत असे. एकदा माझ्याकडे कढीपत्ता मागायला आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, दावनीले ढोर बांधतो ना, तसी बांधून जातो मी तिले. एक दिस बिना गाठीचा पाह्यचा हाये मले. एकच." कढीपत्ता न घेताच ती परत गेली.

महिन्यातून एकदा भंडाऱ्याहून एक तरुण थेरपिस्ट येत, श्रुतीताई नावाच्या. मामा त्यांना डॉक्टरीनबाई म्हणत. त्यांनीच वनिताला सांगितलं, की रोज एका ठरलेल्या वेळी मैनाबरोबर कुणी तरी नाचावं. नाच म्हणजे देखावा नव्हे. एका ठेक्यात शरीर हलवणं. ठेक्यात पुढे काय येणार हे आधीच कळतं, आणि या मुलांना जगात नेमकं तेच मिळत नाही, असं त्या समजावून सांगत. वनिताने मोबाइलवर गाणी लावून पाहिली. मैनाने कान दाबले.

मग एका संध्याकाळी वनिता मामांकडे आली. डोक्यावर पदर घेऊन, खाली पाहत, सासऱ्याला विचारावं तसं तिने विचारलं, "मामाजी, रोज थोडा वेळ आमच्या पोरीसमोर नाचान का?"

मामांनी आधी नकार दिला. नाच म्हणजे काय काढा आहे का, असं बरंच काही बोलले. वनिता परत निघाली तेव्हा मात्र त्यांनी हाक मारून विचारलं, "पाह्यन का पन ते?" पाहील की नाही, हे वनितालाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "पाह्यन." या एका शब्दावर मामांची पेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी ते गल्ली ओलांडून निघाले, तेव्हा मी फाटकातच थबकले. हिरवं लुगडं, केसांचं गंगावन, कपाळभर कुंकू, गालांवर पावडरचा थर आणि पायांत घुंगरं. लुगड्याला डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या घामाचा वास होता. ते दारात उभे राहिले, कमरेवर हात ठेवला, आणि पहिला ठोका दिला.

मैना किंचाळली. तिने कान दाबले, भिंतीशी गेली, पाठ फिरवली आणि मग खाटेखाली शिरून बसली. तिच्या मनगटाची पट्टी ताणली गेली. मामा ठोका अर्धवट सोडून परत आले आणि ओसरीवर लुगड्यातच बसून राहिले.

"पाठ दाखवली मले," ते म्हणाले. "शिव्या खाल्ल्या, एकदा टमाटर खाल्लं. पन पाठ नाई दाखवली कोनं."

पुढचे काही दिवस त्यांनी समोरच्या घराकडे पाहिलंही नाही. श्रुतीताई आल्या तेव्हा वनिताने घडलेलं सांगितलं, आणि त्या सरळ मामांकडे येऊन बसल्या. त्यांचं बोलणं मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. त्या सांगत होत्या, मामा, नाच चांगलाच असणार, पण घुंगरांचा आवाज तिला सुयांसारखा टोचत असेल. पावडरचा वास आपल्याला येतो त्याच्या कितीतरी पट तिला येत असेल. समोर उभं राहू नका, तिच्याकडे पाहू नका. रोज तेच कपडे, तीच वेळ, तोच नाच. मामा प्रत्येक वाक्यागणिक अधिकाधिक ताठ होत गेले. शेवटी म्हणाले, "साज नाई, घुंगरू नाई, नजर बी नाई. मंग मी कायले पायजे? काठी उभी करा तुमी."

श्रुतीताई हसल्या आणि म्हणाल्या, काठीला ठेका येत नाही.

ते उत्तर बहुधा त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी मामा गेले ते बंडी आणि धोतरात. पावडर नव्हती. पावडरशिवाय त्यांचा चेहरा मी प्रथमच पाहिला. तो अचानक कुणाच्याही घरातल्या म्हाताऱ्यासारखा झाला होता.

मैना खाटेखालीच होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खाटेच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून ते उभे राहिले आणि हलक्या आवाजात गाणं म्हणत त्यांनी पारूची फेरी धरली. काही पावलं पुढे, टाचेचा एक दबका ठोका, गिरकी, कमरेवर हात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्यांच्या अनवाणी टाचांचा आवाज मऊ येत होता, पिकलेलं फळ गवतावर पडावं तसा. खाटेखालून मैनाला मामांचे फक्त पाय दिसत असणार. ज्या पोरीने कधी चेहरा पाहिला नाही, ती त्या पायांकडे पाहत राहिली. असे किती दिवस गेले, ते मी मोजलं नाही. मग एका दिवशी फेरी संपली, आणि खाटेखालून एक हात बाहेर आला. पंजा उघडा होता. त्या हाताने जमिनीवर थाप मारली. मामा पाहत राहिले. पुन्हा थाप. त्यांनी फेरी पहिल्यापासून धरली. संपताच पुन्हा थाप.

मी वर्गाच्या वह्या तपासत बसले होते, तेव्हा मामा गल्ली ओलांडून, दुखरा गुडघा विसरून, जवळजवळ धावत आले. श्वास लागला होता. "मॅडम," ते म्हणाले, "पोरगी वन्स मोअर मागून रायली."

मैनाला तेच ते लागतं, म्हणून घर थकून गेलं होतं. तोच वाडगा, तीच वाट, तोच एक दरवाजा पुन्हा पुन्हा उघडून लावणं. साऱ्या जगात हा एकच माणूस निघाला, ज्याला ते तेच ते म्हणजे आपला सन्मान वाटला. पुढच्या भेटीत श्रुतीताईंनी हळूच समजावलं, की मामा, पुनरावृत्ती हा या मुलांचा स्वभावच असतो, त्यात तुमचं कौतुकच असेल असं नाही. मामा गालातल्या गालात हसले. म्हणाले, "आमच्या पब्लिकचा बी सभाव तोच होता, डॉक्टरीनबाई."

त्या दिवसापासून त्यांची संध्याकाळची चिडचिड थांबली. मैना खाटेखालून अर्धी बाहेर आली, मग पूर्ण. मग बसून टाचा आपटू लागली. पट्टी जेवढी लांब, तेवढ्या वर्तुळात ती उभी राहिली. मामांच्या शेजारी, थोडी मागे, दोघांचीही तोंडं भिंतीकडे. तिचं डुलणं फेरीच्या लयीत मिसळून गेलं. वनिता चुलीजवळून पाहत असे, आणि भाकर करपे.

पण मामांचा गुडघा सत्तरीचा होता आणि मैनाच्या थापेला अंत नव्हता. थकलो, असं म्हणणं त्यांच्या जातकुळीत बसत नव्हतं. त्यांनी युक्ती केली. फेरी संपली की कमरेवर हात, मान तिरपी, अशा ऐटीत ते पुतळ्यासारखे उभे राहत आणि ठसक्यात म्हणत, "ठैर", म्हणजे थांब. श्वास खाली बसला, की पुढची फेरी. दम खाण्याला त्यांनी अदा करून टाकलं होतं. मी एकदा थट्टेने तसं म्हटलं, तर रागावून म्हणाले, की पारूच्या फेरीत ठैर पहिल्यापासून होता. तो नव्हता, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

मैनाला मात्र तो फेरीचाच भाग वाटला. एका दिवशी वनिताने मला हाताला धरून घरात नेलं. मामा म्हणाले, ठैर. आणि त्यांच्या शेजारी मैना उभी राहिली. कमरेवर हात, मान तिरपी, अगदी निश्चल. अंगणात कोंबडी फडफडली, तरी ती हलली नाही. वनिताचा माझ्या मनगटावरचा हात घट्ट होत गेला. हाक मारून कधी न थांबणारी तिची पोर थांबली होती.

मी त्यावर नंतर खूप विचार केला. आपण "थांब" म्हणतो तेव्हा काही तरी संपवत असतो. मैनाने तो शब्द आयुष्यभर तसाच ऐकला असेल. मामांच्या ठैरनंतर मात्र पुढची फेरी असायचीच.

त्या पावसाळ्यात रोवणीचे दिवस होते. रविवारची सकाळ होती. तलाव काठोकाठ भरला होता आणि सांडव्यावरून मातकट पाणी वाहत असल्याचा आवाज घरापर्यंत येत होता. वनिताने मैनाला अंघोळ घालायची म्हणून गाठ सोडली, आणि तेवढ्यात कुणी तरी मागच्या दाराशी तिला कामाचं विचारायला आलं. ती परत वळली तेव्हा न्हाणी रिकामी होती.

तिची हाक ऐकून मी बाहेर आले. मामा आरशापुढे होते. अर्धा गाल कोरडा, अर्ध्यावर साबणाचा फेस. वस्तरा तिथेच टाकून ते निघाले. आम्ही दोघी पुढे धावलो.

मैना तलावाच्या पाळीवरून सांडव्याकडे चालली होती. तिच्या चालण्यात घाई नव्हती. पाळ शेवाळाने निसरडी झाली होती. वनिता ओरडली, मैना थांब. ती थांबली नाही. धावत जाऊन धरावं, तर ती पळणार. आणि पळायला तिच्यापुढे फक्त पाणी होतं. वनिता मधेच थबकली. पुढे पाऊल टाकावं की मागे, हे तिला कळेना. तेवढ्यात आमच्या मागून, धापांनी फाटलेल्या आवाजात, मामांनी म्हटलं, "ठैर."

मैना उभी राहिली. कमरेवर हात गेला, मान तिरपी झाली.

पण मामांना माहीत होतं, की ठैर टिकतो तो पुढच्या फेरीपर्यंतच. ते होते तिथेच, पाळीवर, बंडीत आणि अर्ध्या फेसाच्या तोंडाने, नाचू लागले. काही पावलं, टाचेचा ठोका, गिरकी. आवाज बसला होता, पण ठेका चुकत नव्हता. मैनाने आमच्याकडे पाहिलं नाही. ती वळली आणि फेरीत शिरली. मामा प्रत्येक फेरीत थोडे मागे सरकत होते, पाण्यापासून दूर. ठैर. उभे राहायचे. पुन्हा फेरी. मैना त्यांच्यामागून, अंतर राखून, येत होती.

धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. रस्त्यावरून बांधीत निघालेली माणसं पाळीखाली गोळा झाली. जी पोरं कधी काळी म्हातारीले बसवा म्हणून ओरडली, त्यांच्यातले काही आता मुलाबाळांचे बाप होते, तेही असतील. "अरे, पारू नाचून रायली," कुणी तरी म्हणालं. मग एक शिट्टी आली, एक टाळी पडली, आणि गर्दीतून तो शब्द आला, ज्याची मामांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती. "वन्स मोअर."

मैनाचे हात कानांकडे गेले.

मामांनी ठेका मोडला नाही. त्याच चालीत, त्याच सुरात, गाण्याचीच ओळ असावी तसं ते म्हणाले, "गप रे बाप्पा, गप रे, गप." आणि एक हात गर्दीकडे करून त्यांनी पंजा असा खाली दाबला, जसा उकळी आलेल्या दुधावर झाकणी ठेवतात. गर्दी गप्प झाली. त्यानंतर गल्लीच्या तोंडापर्यंत फक्त टाचांचे ठोके ऐकू येत होते, आणि मागे सांडव्याचं पाणी.

अंगणात पोचल्यावर वनिताने फाटक लावलं आणि फाटकाला पाठ टेकून ती खाली बसली. मामा पायरीवर बसले. गुडघा सुजून टम्म झाला होता, फेस गालावर वाळला होता. मी पाण्याचा लोटा दिला. ते प्यायले, आणि त्यांनी विचारलं, "पब्लिक किती होती, मॅडम?"

भरपूर होती, मी म्हटलं.

"आन् कोनं टारी नाई वाजवली शेवटाले," ते म्हणाले. तसलं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कुठल्याही किश्श्याच्या शेवटी पाहिलं नव्हतं.

गाठ त्या दिवशी सुटली नाही. उलट ती आणखी घट्ट झाली. पुढच्या खेपेला श्रुतीताई आल्या तेव्हा वनिता म्हणाली, की मामाजी रोज कुठे पाळीवर असणार? तो प्रश्न खरा होता. ठैर वनिताच्या तोंडूनही मैनापर्यंत पोचायला हवा होता. आणि घरात नव्हे, तर अंगणात, फाटकाशी, गल्लीच्या वळणावर. त्यासाठी मामांनी फेरी वनिताला शिकवायला हवी होती.

इथे मामा अडले. तो त्यांचा आयटम होता. आयुष्यात त्यांनी कुणा शिष्यालाही तो पुरता दिला नव्हता. दोन दिवस ते गुडघ्याचं निमित्त सांगून घरात बसले. तिसऱ्या दिवशी वनिता रोवणीवरून परतली, पायांवर चिखल वाळलेला होता. तिने हातपाय धुतले आणि मामांच्या ओसरीसमोर उभी राहून, पदर खोचून, चुलीजवळून पाहून पाहून आलेली फेरी स्वतःच करू लागली. ठोका उशिरा पडत होता, गिरकी चुकत होती. मामांना ते पाहवेना. "अवं माय, टाच आंधी, टाच," ते म्हणाले, आणि खांबाला धरून उठले.

मग ते रोजचंच झालं. मामा पायरीवर बसून ठेका धरत, वनिता आणि मैना नाचत. आधी अंगण, मग फाटक, मग गल्लीचं वळण. वनिता ठैर म्हणायची; मैना कधी थांबायची, कधी नाही. मामा वनिताला बोलायचे, आवाजात जरब नको वं, ऐट पायजे. हिवाळा आला, तलावावर धुकं बसू लागलं. तोपर्यंत वनिताच्या आवाजात थोडी ऐट आली होती. पट्टी आधी अंघोळीच्या वेळी सुटली, मग पाणी भरताना, मग अर्ध्या दिवसासाठी. मैना बोलू लागली नाही. मोटारसायकल आली की आजही कान दाबते. पण एके सकाळी मी वनिताकडे दही मागायला गेले, तेव्हा ती लुगड्याची पट्टी लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेली दिसली. वनिताने माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाली, "कालपासून हाये तिथं."

पुढच्या उन्हाळ्यात माझी लाखनीला बदली झाली. पारूमामा आता नाहीत. ते गेल्याचं वनिताने फोनवर कळवलं, तेव्हा मी पेपर तपासत होते, आणि उरलेले पेपर त्या दिवशी तसेच राहिले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते येतात, ते मी सामान हलवलं त्या दुपारी होते तसे.

टेम्पो पुढे गेला होता. मी खोलीची किल्ली द्यायला मामांना शोधत होते. घरी ते नव्हते, म्हणून समोर गेले. वनिताचं दार सताड उघडं होतं. घरात कुणी नव्हतं. वनिता कामावर गेली होती. खाटेवर मामा गाढ झोपले होते. तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबत होता, श्वासाबरोबर बंडी वरखाली होत होती. मैनाला सांभाळायला बसलेला माणूस झोपला होता, आणि मैना कुठे दिसत नव्हती. मी मागच्या दाराने अंगणात गेले.

मैना चिंचेच्या सावलीत बसली होती. पुढ्यात सुपात धान होतं. मुठीत घेऊन ती ते दाणे उंचावरून खाली सोडत होती आणि त्यांचा सर्रकन होणारा आवाज ऐकत होती. फाटक उघडं होतं. फाटकातून गल्ली दिसत होती, आणि गल्लीच्या टोकाला तलावाच्या पाण्याची एक पांढरी, उन्हात थरथरणारी रेघ. मैनाने तिकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा मूठ भरली.

मी पाय न वाजवता आत आले. एरवी त्या घरात बसलेले असले, की मामा डोळ्याची पापणी लवू देत नसत. आता त्यांच्या कपाळावर एकही आठी नव्हती. मी किल्ली त्यांच्या उशाशी ठेवली, आणि त्यांना न उठवता बाहेर पडले.